वड्या माझ्या पाठीवरच चढतील

जोनजू शहराला मोआकचा डोंगर इतका लगटून उभा आहे, की रविवारी सकाळी माणसांचे पाय आपोआप तिथल्या वनउद्यानाकडे वळतात. मालसुकबाईंनी बाजारात तांदळाच्या वाफवलेल्या वड्या विकून संसार ओढला, पण रविवार मात्र आयुष्यभर डोंगराला दिला.

हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग वसंत उघडला आणि वर्षाच्या पहिल्या चढाईचा रविवार आला. त्या दिवशी त्यांचं डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ माथ्यावर डोंगरदेवाची पूजा मांडतं: डुकराचं मुंडकं, तांदळाची दारू आणि मालसुकबाईंच्या, लाल चवळीचा थर दिलेल्या वड्या.

पायथ्याशी मंडळाचा प्रमुख गिसोक पुढे आला. ताईंनी टोफूवाल्याच्या दुकानात शेगडीपाशी बसावं, वड्या आम्ही नेतो, असं तो आवाजात मध घालून म्हणाला. त्या शेगडीपाशी एकदा बसलेलं माणूस पुन्हा डोंगरावर दिसत नसे. मालसुकबाईंनी पिशवीचे पट्टे आवळले.

"वड्या माझ्या पाठीवरच चढतील."

"ताई, तुमच्यापायी देव दुपारपर्यंत उपाशी राहील."

"राहू दे. डोंगर आहे तो, कुठं पळून चाललाय? तुला घाई असेल तर डुकराला घेऊन हो पुढं. तुमचं दोघांचं जमेल."

मंडळी हसली. गिसोकचे कान लाल झाले. सगळे भराभर वर गेले. पण वड्यांवाचून पूजा कशी व्हायची? माथ्यावर मुंडकं मांडून ते गार वाऱ्यात कुडकुडत बसले. शेवटी गिसोक पिशवी घ्यायला निम्मी वाट उतरला. बाईंनी पिशवीऐवजी त्याच्या हातावर सोललेली काकडी ठेवली आणि त्याला ओलांडून त्या चढत राहिल्या. पायरीगणिक थांबत होत्या, पण मागे वळत नव्हत्या.

वड्या देवापुढे ठेवल्यावर गिसोक हळूच म्हणाला, "ताई, उभ्यानंच नमस्कार करा. देवाला कळतं."

"देवाला कळतं रे. तुला कळायला हवं."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग कपाळ मातीला. उठायला वेळ लागला. कुणीतरी हात पुढे केला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मग सुरी घेऊन त्यांनी वड्या कापल्या आणि पहिला तुकडा गिसोकला दिला.

"खा पोटभर. पुढल्या रविवारी माझ्या चालीनं चालायचंय, त्याला बळ लागतं."