जबाबात न आलेला आवाज

नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरून गेलो. एका साध्या अर्जाची चौकशी मात्र अजून आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. खून नव्हता, दरोडा नव्हता. गाणं चोरीला गेल्याची तक्रार होती.

तेव्हा मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना पस्तिशीची एक बाई अर्ज घेऊन आली. नवरा फौजेत होता, अपघातात गेलेला. मूलबाळ नाही. शेवटच्या रजेत त्याने स्वतः रचलेलं देवाचं गाणं शहरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं होतं. बाईंनी ते इंटरनेटवर आपल्या चॅनेलवर ठेवलं होतं आणि रोज दिवा लावताना त्या ते ऐकत. एके दिवशी ते तिथून गायब झालं. त्या जागी ‘कॉपीराइटधारकाच्या दाव्यामुळे काढून टाकले’ एवढीच सूचना उरली. मूळ फाइल जुन्या मोबाइलबरोबर गेली होती, आणि तेच गाणं एका ॲपवर भलत्याच नावाने वाजत होतं.

“फोटो बोलत नाय, साहेब,” बाई म्हणाल्या. “त्यांचा आवाज तेवढाच हाय माझ्याकडं.”

बाई गेल्यावर हवालदार मला म्हणाले, “गाण्याचा पंचनामा कुठं करायचा, साहेब?” मी हसलो, पण अर्ज स्वतःकडे ठेवला. फौजीच्या विधवेचं गाणं चोरणारा माझ्या हद्दीत असेल तर त्याला सोडायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

ही ॲपवाली मंडळी सुट्या गायकाकडून गाणं घेत नाहीत. मध्ये एक एजंट असतो. त्याने गाणं एकदा चढवलं की यंत्र सगळीकडे तोच आवाज शोधतं आणि सापडेल तिथून काढून टाकतं. आम्ही एजंटाला नोटीस काढली. त्याने गिऱ्हाइकाचं खरं नाव दिलं. ते नाव बाईंच्या सख्ख्या दिराचं होतं. पंचवटीत राहायचा, ऑर्केस्ट्रात गायचा; ॲपवरचं नाव त्याने स्वतःसाठी घेतलेलं टोपणनाव होतं.

त्याला बोलावलं. समोर बसला आणि मी तोंड उघडण्याआधीच कबूल झाला. “आवाज दादाचा हाय. मी माझ्या नावावर लावला. लिहून घ्या.” मला ते खटकलं. चोर आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, मग रडतो. हा सही करायला पेन मागत होता.

आवाज मयताचाच असल्याचा जबाब हवा म्हणून स्टुडिओवाल्याला बोलावलं. गाणं ऐकून त्याने कोपऱ्यात बसलेल्या दिराकडे बोट केलं. “हे यांनी गायलंय. शब्द मोठ्या भावाचे, आणि दोघांचा आवाज ऐकायला सारखाच. पण त्यांना माइकसमोर घाम फुटला, आवाजच निघेना. शेवटी म्हणाले, तू गा, घरी मी गायलो म्हणून सांग. मीच गाणार असं बायकोला सांगून आलोय, म्हणाले.”

स्टुडिओवाल्याला बाहेर बसवून मी दिराला विचारलं, “मग तुझंच गाणं तू चोरलंस, असं का म्हणतोस?”

“कार्यक्रमवाले विचारतात, ॲपवर गाणी हायत का. मी एजंटला सगळा फोल्डरच दिला. त्यात हे पण गेलं, माझ्या ध्यानातच नाय आलं.” मग त्याने माझे पाय धरले. “मला चोर करा, साहेब. वहिनीला सांगू नका.”

त्याच संध्याकाळी त्याने दावा मागे घेतला, गाणं चॅनेलवर परत आलं. बाईंना ठाण्यात बोलावलं. त्यांनी फोन कानाला लावून पूर्ण गाणं ऐकलं. मग दिराकडे वळल्या.

“मेलेल्या भावाच्या घशात हात घातलात, भाऊजी. माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नका.”

“चुकलं, वहिनी,” तो म्हणाला.

मी टेबलाच्या अलीकडे बसून होतो. ‘गैरअर्जदाराने चूक कबूल केली, अर्जदाराची तक्रार उरली नाही’ असं लिहून अर्ज निकाली काढला. स्टुडिओवाल्याचा जबाब कागदावर घेतलाच नाही. मी दया केली, असं त्या दिवशी स्वतःला सांगत होतो. खरं तर दोघांपैकी एकाचं काहीतरी मोडणारच होतं, आणि जो बोलणार नव्हता त्याचं मी मोडू दिलं. कायदा विचारतो, हक्क कोणाचा. मला उत्तर माहीत होतं आणि मी उलटं लिहिलं. कबुली मिळाली म्हणून खरं मिळालं असं नसतं, हे या प्रकरणाने शिकवलं, पण ते कळूनही मी गप्प बसलो, याची लाज वाटते. इथे लिहितानाही कोणी ओळखू नये म्हणून ठावठिकाणे बदलले आहेत.

माझ्या निवृत्तीनंतर त्या बाई वारल्या. दहाव्याला मी रामकुंडावर गेलो. विधी दीरच करत होता. कोणीतरी मोबाइलवर ते गाणं लावलं. एक म्हातारी आत्या त्याला सगळ्यांसमोर म्हणाली, “ऐक, असा गळा होता तुझ्या भावाचा. आज तरी लाज धर.”

त्याने मान हलवली आणि पिंडावर पाणी सोडलं. तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली. मी चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो.