दाखल्याची फी

केजच्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांमुळे मी आज घरापासून इतक्या लांब साखर कारखान्यात कामाला आहे. दुष्काळात माझी शाळा सुटली. कारखान्यानं तब्येतीचा दाखला मागितला, आणि मला तर जुना खोकला. टीबी निघाला तर नोकरी गेलीच, या भीतीनं झोप उडालेली.

दूध सोसायटीनं सभासदांसाठी नेमलेल्या या डॉक्टरांकडं औषध फुकट, दाखल्याला मात्र फी.

"सहीची कावून फी, साहेब?"

छाती तपासायच्या नळीची चकती तळहातावर गरम करत ते म्हणाले, "सोसायटी औषधाचं देती, दाखल्याचं न्हाई. आन् सही फुकटच हाय, तपासायचे घेतो. उद्या कुणी इचारलं तर जबाब मला द्यायचाय."

बराच वेळ पाठ ऐकून म्हणाले, "छाती साफ हाय. खोकला नुसता धुळीचा हाय."

कितीतरी दिवसांनी मी छातीभर श्वास घेतला. सही झालेला दाखला घेऊन फी दिली, पण उपकार फिटले नाहीत. ते कधीतरी फेडीनच.