जिजाने बांधलेली पत्ती

पोशीरचा वाल्मिक सनई चांगली वाजवायचा आणि जिवापाड राखायचाही. ताडाचं पान आणून भिजवायचं, सुरीनं खरवडून त्याची बोटाच्या पेराएवढी पत्ती करायची, भोकांच्या कडेला मेण लावून सूर जुळवायचा, हे सगळं तो स्वतः करी. एक काम मात्र बायकोचं, जिजाचं. पत्ती पितळी नळीवर बसवून तिला दोरा गुंडाळायचा. दोरा जरा ढिला पडला की वारा बाजूनं निसटतो आणि सनई नुसती फुसफुसते. वाल्मिकची बोटं जाडजूड, त्याला ते कधी जमलंच नाही. लग्न झालं तेव्हापासून दोरा जिजाच बांधी, आणि तो ते गावभर कौतुकानं सांगे. त्यामुळे दोरा कुणाच्या हातचा, हे सगळ्यांना ठाऊक.

मागच्या वर्षी त्याचे वरचे दात गेले. कर्जतला जाऊन त्यानं कवळी बसवून घेतली. आता म्हातारपणी दात पडले यात लाजायचं काय? पण हा लाजला. जिजाखेरीज कुणाला पत्ता लागू दिला नाही. हसताना तोंडावर हात, मक्याचं कणीस पुढं आलं की पोट भरलेलं. कवळी लावून सनई एकदा फुंकून तरी बघायची. तेही टाळलं, कारण बघितलं असतं तर खरं काय ते कळलं असतं.

गावातल्याच दशरथच्या मुलीचं लग्न नेरळच्या एका हॉलमध्ये होतं. हल्ली मोबाइलवरची सनई लावतात, पण दशरथ हटून बसला, वाल्मिकदादाचीच हवी. अक्षता पडल्या, वाल्मिकनं दम लावला आणि कवळी हलली. ओठांची पकड सुटली. आधी करडू ओरडल्यासारखा आवाज निघाला, मग नुसता वारा. लोक हसायला लागले. दशरथ धावत आला नि काय झालं म्हणून विचारू लागला.

"दोरा ढिला व्हता," वाल्मिक म्हणाला. "घरच्यांनी नीट बांधला नाय."

समोर माईक चालू होता.

बायकांत जिजा बसली होती. शेजारची शकू तिच्याकडे वळली. "जिजे, हात कधीपासनं सैल झाला गं तुझा?" जिजानं पदर सारखा केला. शेवटी मोबाइलवरचीच सनई लागली.

घरी आल्यावर भांडण नाही, रडणं नाही. जेवायला वाढलं, आणि ताट उचलल्यावर तिनं दोऱ्याचं रीळ त्याच्यापुढं ठेवलं. "आता तुमीच बांधा."

त्यानं बांधून बघितलं. एक पत्ती चिरली, दुसरी वाकडी बसली. तिसरीला हात लावायच्या आधी खाली मान घालून तो म्हणाला, "दोरा पक्का व्हता. कवळी हलली."

"मला ठावं हाय. मीच बांधलाय तो. हितं मला काय सांगता? चार लोकांत सांगायचं व्हतं."

दोन दिवस वाल्मिक घराबाहेर पडला नाही. मग दशरथकडं सत्यनारायणाची पूजा होती, तिथं गेला. वाजवायला कुणी बोलावलं नव्हतं. प्रसाद वाटून होताच मांडवात उभा राहिला, तोंडातनं कवळी काढून हातावर धरली आणि सांगायला लागला. दातांशिवाय शब्द असे पिचके निघाले की कुणाला काही कळेना. दशरथनं परत विचारलं, म्हणून कवळी परत बसवून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. जिजाचा दोरा पक्का होता, मी खोटं बोललो. या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

परत आला तर जिजा ओटीवर तांदूळ निवडत होती. सांगून आल्याचं त्यानं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, रीळ उचललं, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि विचारलं, "शकू व्हती का तिथं?"

"नाय. ती माहेरी साजगावला गेली हाय."

जिजानं दोरा दातांतनं सोडला. रीळ पुन्हा जागेवर ठेवलं आणि सूप पुढं ओढलं.

"मग साजगावची एस्टी कधी हाय ते बघा."