चरबीच्या बाजूने

गिरीजहून पापडीला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती मांडीवर स्टीलचा डबा सांभाळत बसली होती. मी तिला ‘चरबी हटवा, हाडं वाचवा’ हे आमचं पत्रक दिलं. तिने ते पेपर तपासावा तसं शेवटपर्यंत वाचलं.

“कोवळ्या हाडात खनिज जमायला सुरुवात कुठे होते, ठाऊक आहे? पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्यांत. आणि त्यांची आवरणं चरबीचीच असतात.”

“ताई, आमचा लढा वडे तळणाऱ्यांशी आहे,” मी तडकून म्हणाले.

“माझा सासूशी आहे.”

डब्यात डुकराच्या पिलाचा गुडघा होता. संशोधनासाठी आणलेला आधीचा गुडघा सासूबाईंनी सोड्यात उकळून लख्ख केला होता. सुनेने असली चिकट वस्तू कॉलेजात नेणं त्यांना बरं वाटेना. चरबीच गेली, मग तपासायचं काय? आता हा गुडघा सकाळपर्यंत घरच्या फ्रीजमध्ये टिकला नाही, तर तिचा प्रबंध रखडणार होता.

उतरताना ती म्हणाली, “चर्चमागे हिरवं फाटक आहे. पत्रकं वाटताना तेवढं घर सोड. म्हातारी छापलेलं सगळं खरं मानते.”

तत्त्वासाठी मी आजवर एकही घर सोडलं नव्हतं. त्या फाटकासमोरून मात्र चपला हातात घेऊन गेले.