अम्मा आली मनून

पोरगीनं डोळे पांढरे केले तवा मी तिला उचललं अन् सुटले, पायात चप्पल बी न्हाई. मागून आत्याबाई, म्हंजी माझी सासू, वरडून राहिली, "उंबऱ्याभाईर काढू नको गं, अम्मा कोपल." मी अॅटोत बसले. दीड वर्साचं लेकरू, अंग तापानं निस्तं भाजून निघालेलं, दोन दिस दूध न्हाई, सकाळपासून मुतली न्हाई.

आमी लातुरात दालमिलच्या मागं एका खोलीत राहतो. चार दिसाआधी पोरीच्या अंगावर पान्याचे फोड आले. सासू देगलूरकडची, तिच्या माहेरात तेलुगू. ती कांजण्या म्हनत न्हाई, अम्मा आली म्हनते. अम्मा म्हंजी देवी, घरी आलेली पाहुणी. दाराला कडुलिंबाचा पाला, भाजीला फोडनी न्हाई, डाक्टर तर न्हाईच. मी दवाखान्याचं नाव काढलं की, "पाहुणीला सुई टोचतेत का गं? सातवी शिकून हेच शिकलीस?" शेजारच्या भाभीनं तापाचं औषध आनून दिलं. देवी रुसल मनून मी ते दिलं न्हाई, देवाच्या फोटोमागं ठिवलं. ती चूक माझीच.

भाभी उर्दू बोलते, तिच्या घरात अम्मा म्हंजी माय. ती म्हनते अरबीत मायला उम्म म्हनतेत, तिकडलंच असंल. कोपऱ्यावरचा किरानावाला कानडी, तो माझ्या एवढूशा पोरीला बी "ये अम्मा" म्हनतो अन् म्हातारीला बी, लाडानं. माझ्या माहेरी, लोह्याकडं, मायला मायच म्हनतेत. मला ह्या शब्दाचं भ्याव लग्नानंतरच लागलं.

दवाखान्यात सलाईन लावली. डाक्टर म्हनले अंगातलं पानी आटलंय, दोन दिस उशीर केला. केरळची सिस्टर मला सारखी "बस अम्मा, बस" म्हनायची. मी थकून इचारलं, तुमच्यात बी हाय का हा शब्द?

"हाय की. अम्मा म्हंजी माय."

"मंग हा निघाला कुठून? आमची शेजारीन म्हनते अरबीतून."

तिनं पोरीची सुई नीट केली. म्हनली, "दुधाला ओठ मिटते ना, तेव्हा म येते. अरबीवाल्याचा वेगळा, आमचा वेगळा, ते काय सगेसोयरे नाय. लेकरं सगळीकडं सारखी रडते, येवढंच."

दुसऱ्या दिशी दुपारी पोरगी दूध पेली. मी भिताडाला टेकून नुसती बसले, रडायला बी जीव न्हवता.

मंग सासू आली. आत आली न्हाई, पायरीवरच बसली. डोळे सुजलेले, दोन दिस तिनं बी काई खाल्लं न्हवतं. म्हनली, "अम्मानं सोडली मनून वाचली. घरी आल्यावर तिची वटी भर, नाक घास, चुकलं म्हन. मंगच उंबऱ्यात पाय."

मालक, म्हंजी पोरीचा बाप, म्हनून राहिलेत, घास की, काय जातंय.

पर मी नाक घासलं म्हंजी पळाले ते चुकलं, असं मीच म्हनल्यागत हुतंय. पुढल्या टायमाला माझे पाय उचलतील का? अन् न्हाई घासलं तर ह्या लेकराला घिऊन जाऊ कुठं? संध्याकाळी घरी सोडनार हायत.

तुमी असता तर काय केलं असतं?