कोनाडूच्या कमरेचे मणी

पोकुआचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. घानातल्या टेचिमानच्या बाजारात टोमॅटोची पेटी घेताना ती वरचे टोमॅटो सारून तळ बघायची, आणि शेजारणीने कालवण दिलं तर आधी वास घ्यायची. अशा बाईला धंद्यापायी कुमासीला जावं लागे आणि तान्ही लेक कोनाडू नणंदेकडे, ताचीवाकडे, सोपवावी लागे. ताचीवाला मूलबाळ नव्हतं, आणि पोरीवर तिचा एवढा जीव जडलेला पाहून पोकुआच्या मनात पाल चुकचुकायची.

निघताना ती लेकीच्या कमरेचा मण्यांचा सर चाचपून जायची. सर घट्ट होत गेला तर मूल बाळसं धरतंय, सैल झाला तर वाळतंय. पोकुआची आईही असंच ओळखायची. या खेपेला परतली, तर सर सैल!

"वाळली माझी पोर!"

"अगं, मांड्यांना वळ्या पडल्यात तिच्या," शेजारीण हसली.

"सूज असेल ती."

दुसऱ्या दिवशी पोरीला ताचीवाकडे ठेवून बाजाराला जाते म्हणून निघाली आणि भर दुपारी मागच्या दाराने परत आली. ताचीवा मक्याच्या पेजेत सुक्या मासळीची पूड कालवून कोनाडूला भरवत होती. वाटी शेवटी कोण संपवतं, ते बघत पोकुआ भिंतीआड उभी राहिली. वाटी कोनाडूनेच संपवली, वर चाटलीही.

तरी ती पुढे झालीच. "वन्सं, मणी सैल कसे मग? माझ्यामागे उपाशी ठेवता ना? आजच घेऊन जाते हिला."

ताचीवाचा चेहरा उतरला. "सर रुतत होता गं पोरीला. मीच तसलेच मणी आणून वाढवला. हे बघ, वळ अजून आहेत."

वळ होते. "मला न विचारता?" असं पुटपुटत पोकुआने लेकीला उचललं, तर कंबरच भरून आली. एवढी जड पोर आपल्याला हडकलेली का दिसत होती? दुसऱ्याच्या हातचं खात होती म्हणून. पोकुआला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात कोनाडूने दोन्ही हात ताचीवाकडे पसरले. "मा! मा!"

ताचीवा घाबरली. आता पोर जाणार, हे तिला दिसलंच. "अगं, ती कोंबडीलासुद्धा मा म्हणते!"

कोंबडी समोरच दाणे टिपत होती. कोनाडूने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणते ना? म्हणू दे," पोकुआ म्हणाली, आणि लेकीला तिने नणंदेच्या कडेवर दिलं. जन्मात पहिल्यांदा तिने एक गोष्ट न तपासता खरी मानली.