डबल बेस आणि ओलं बारदान

आमच्या गायन पार्टीत माझी जागा मशीनपाशी. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. जयंती असो, लग्न असो, कोणाचा गृहप्रवेश असो, स्टेजवर मधोमध माईकपुढे माझी बायको, कारण पार्टीची गायिका ती. एका अंगाला पेटीवाला, दुसऱ्या अंगाला ढोलकीवाला. आणि स्टेजच्या खाली, जनरेटरचा धूर खात बटणं फिरवणारा तो मी. काही वर्षं मी वर कोरसात होतो. मग पेटीवाला म्हणाला, "दादा, मशीनपाशी भरोशाचा मानूस पाह्यजे." मी छाती फुगवून खाली उतरलो. भरोशाचा म्हणजे काय, ते कळायला मला पुष्कळ दिवस लागले. तसा मी हुशारच.

मला परत वर जायचं होतं. बायकोच्या बाजूला. बस, एवढंच. पण हे तोंडानं बोलायची लाज वाटायची. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसानं असं बोलायचं असतं का?

मग फोनवर एक व्हिडिओ पाहिला. एक बाई गात होती आणि तिच्या शेजारी एक टकल्या माणूस डबल बेस वाजवत होता. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, माणसापेक्षा उंच, उभं राहून कवेत घ्यायचा आणि बोटानं तारा ओढायच्या. टकल्याचे डोळे मिटलेले. मधूनच एक तार ओढायचा, ढुम्म, आणि पुन्हा निवांत. आयला, म्हटलं, हे तर आपल्याला जमेल! टक्कल तर आधीपासूनच तयार आहे.

नव्या वाद्याची किंमत पाहिली आणि फोन पालथा घालून ठेवला. जुनं शोधत राहिलो. शेवटी अकोल्यात एक सापडलं. बायकोला विचारलं. तिनं गाण्याच्या बिदागीतून जमवलेलं होतं ते सगळं काढून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "याच्यात आलं त आना. नाई आलं त गुमान घरी या." काहून पाहिजे, कायले पाहिजे, एका शब्दानं विचारलं नाही. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

ढोलकीवाल्याकडे पिकअप गाडी आहे, त्याला घेऊन गेलो. वाद्य एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या माळ्यावर पडून होतं. त्यांचे वडील कोण्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता ढोलकीवाला बैलबाजारात वाढलेला माणूस. त्यानं बेसभोवती फेरी मारली, पाठीवर थाप दिली, खांदा दाबून पाहिला. नशीब, दात पाहायला तोंड नव्हतं! वर मला बजावलं, "दादा, आवडलं असं दाखवू नोका, नाईतर भाव चढते." मी तोंड वाकडं करून उभा राहिलो. इतकं वाकडं की म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "पोटात दुखतंय का तुमच्या?" आणि पाणी आणून दिलं. मग मलाच लाज वाटली. सरळ सांगितलं, एवढे आहेत, एवढ्यात देता का? ते म्हणाले, न्या. वाजवणारा मिळाला हेच पुष्कळ. निघताना त्यांनी बजावलं, "सगळे सांधे सरसानं चिकटवलेले आहेत बरं. पाण्याला जपा."

"हो हो," मी म्हणालो. एप्रिल तोंडावर आलेला, पाऊस कुठला यायला बसलाय?

गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून ते गाडीत आडवं टाकलं. वाटेत शेलूबाजारला चहाला थांबलो तर टपरीवरचे दोघं उठून उभे राहिले आणि त्यांनी गाडीकडे पाहून हात जोडले. एकानं हळूच विचारलं, "कोन गेलं भाऊ?" ढोलकीवाला चहा फुंकत म्हणाला, "अजून नाई गेलं. दादा वाजवतीन तवा जाईन."

पंधरा दिवस मी फोन पुढ्यात ठेवून शिकलो. बोटांना फोड आले. घरामागची शेळी सुरुवातीला दचकायची, नंतर तिनं लक्ष देणं सोडलं. याला मी प्रगती म्हणत होतो. आणि जयंती अगदी जवळ आली तेव्हा उन्हानं दावा साधला. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन म्हणजे काय सांगू! बेसचं लाकूड वाळलं, पोटाच्या कडेला फट पडली आणि ढुम्मच्या जागी खर्र खर्र यायला लागलं.

आता मी शेतकऱ्याच्या पोटचा. वाळलेल्या लाकडाचं काय करायचं ते मला कोणी सांगावं? बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात सैल झालं की रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं, सांधे घट्ट बसतात, सकाळी चाक टणक. माझ्या बापानं आयुष्यभर तेच केलं. म्हाताऱ्या गृहस्थांना एक फोन लावायचा, तर तेवढी अक्कल कुठली? तरी म्हटलं नाजूक वस्तू आहे, बुडवायला नको. पोत्याचं बारदान ओलं केलं, बेसला पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि वर कूलर लावून दिला. स्वतः कूलरशिवाय झोपलो. एवढी माया!

सकाळी बारदान सोडलं. पुढची अख्खी फळी माझ्या हातात आली. मान तारांसकट गळून पडली. सरस म्हणजे पाण्यात विरघळणारा डिंकच की! रात्रभर मी त्याला निवांत विरघळवला होता. मी खाली बसलो आणि मला रडू आलं. खरंच आलं. बायकोची कमाई गेली म्हणून आलं, आणि वर जायची वाट बंद झाली म्हणून त्याहून जास्त.

बायको चहा घेऊन आली. लाकडांकडे पाहिलं, बारदानाकडे पाहिलं. "बाप्पा! चाक समजले का काय तुमी याले?"

"मले तुह्या बाजूले उभं राह्यचं होतं वं," मी बोलून गेलो. "बाकी काई नाई."

तिनं चहा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "एक सांगू? राग नोका मानू. पेटीवाल्यानं नाई, मीच तुमाले खाली उतरवलं होतं. तुमचा पाय हालते. ताल एकीकडे अन पाय दुसरीकडे. तो दिसला की माहं गानं चुकते."

मला असा संताप आला की काय सांगू. "मंग पैसे कायले देल्ले?"

"तुमी मागतले म्हून. आजवर कवा काई मागतलं तुमी माह्याजवळ?"

चहा प्यालो. चहात साखर नव्हती, तरी अख्खा संपवला.

जयंतीच्या संध्याकाळी मी आपला मशीनपाशी उभा राहिलो. एवढ्यात तिनं माईकवरून, अख्ख्या गावादेखत, ढोलकीवाल्याला सांगितलं, "खुर्ची ठेव बरं इथं, माह्यापाशी." आणि मला म्हणाली, "या. बसा. पन पाय हालवू नोका."

मी जाऊन बसलो. हातात काही नाही. नवरदेव बसतो तसा ताठ, दोन्ही हात मांडीवर. बटणं पेटीवाल्याच्या पोराकडे दिली होती, त्यानं माझ्यापेक्षा बरी फिरवली. पहिलं गाणं मी दम धरून काढलं. दुसऱ्या गाण्यात ढोलकी चढली, समोरचे लोक डोलायला लागले आणि माझा उजवा पाय सुटला. बायकोनं गाणं न थांबवता, माझ्याकडे न पाहता हात खाली आणून माझ्या गुडघ्यावर दाबून धरला. समोरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पाय जागच्या जागी थांबला. मग तिनं हात काढू नये म्हणून मी पाय मधूनमधून थोडा थोडा हलवत राहिलो.